गाडीच्या विम्याचा इसार

वामनराव कळंबे यांच्या आयुष्यात एकच मोठी गोष्ट घडली होती, आणि ती ऐकल्याशिवाय सौंसरात कुणाची सुटका नव्हती. नऊ वर्षांपूर्वी मोहगावच्या रस्त्यावरचा त्यांचा संत्र्याचा बगीचा, म्हणजे झाडांवरची फळं, मागायला नागपूरचा एक व्यापारी आला. झाडाखालून फिरला, माल पाहिला, भाव बोलला. वामनराव म्हणाले, "पाहू." तो पुन्हा आला, थोडा चढला. वामनराव म्हणाले, "पाहू ना." आणि नेमकं त्याच आठवड्यात कुठंतरी गारपीट झाली, बाजारात संत्रं मिळेना, आणि तो व्यापारी तिसऱ्यांदा धापा टाकत आला नि मागितला भाव देऊन गेला. गारपीट दुसऱ्याच्या बगिच्यात पडली होती, पण शहाणपण वामनरावांच्या नावावर जमा झालं.

"व्यापारी तिसऱ्यांदा येते तवाच खरा भाव बोलते," हे वाक्य त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी बसलं. त्यानंतरच्या वर्षांत दोनदा असं झालं की व्यापारी तिसऱ्यांदा आलाच नाही, संत्री झाडावर पिकून पिवळीधमक झाली नि सडा पडावा तशी खाली पडली. ती गोष्ट मात्र वामनराव कधी सांगत नसत. ती पुष्पाबाईंना माहीत होती. त्यांची बायको. सडकी संत्री टोपल्यात भरून बांधाबाहेर टाकायला त्याच गेल्या होत्या.

घरातली कोणतीच गोष्ट या नियमातून सुटली नाही. मार्चमध्ये कूलर पाहायला निघालेले वामनराव जुलैत कूलर घेऊन आले. मुलीच्या, अमिताच्या, लग्नाच्या वेळी काटोलकडचा बँकेतला मुलगा दोनदा येऊन गेला. वामनराव तिसऱ्या फेरीची वाट पाहत बसले. तिसऱ्यांदा आली ती त्याच्या लग्नाची पत्रिका. अमिताचं लग्न पुढं एकतिसाव्या वर्षी झालं. जावई बरा आहे. पण तो यादीतला चौथा.

हिमानी या घरात सून म्हणून आली तीसुद्धा नियम मोडूनच. पांढुर्ण्याला तिचे वडील शाळेत मास्तर होते. ते दोनदा सौंसरला येऊन गेले आणि म्हणाले, "मी काही संत्रं घ्यायला नाही आलो, पोरगी द्यायला आलो होतो. आता जाणार नाही." तेव्हा पुष्पाबाईंनी शेजारणीच्या फोनवरून पांढुर्ण्याला गुपचूप होकार कळवला. वामनराव आजही लोकांना सांगतात की मास्तर तिसऱ्यांदा पाया पडायला आले होते. हिमानी हे चहा देता देता ऐकते. पहिल्या वर्षी तिला राग यायचा. मग हसू यायला लागलं. आता सात वर्षांनी तिच्या मनात जे उरलं होतं त्याला राग म्हणता आलं नसतं. पायात आलेली चप्पल आपण पायानंच बाजूला सारतो, तसं काहीतरी होतं ते.

गाडी त्यांनी तीन वर्षांपूर्वी नागपूरहून जुनी घेतली. पांढरी, नीटनेटकी. अंगणातल्या निंबाखाली ती जुन्या चादरींचं शिवलेलं झाकण पांघरून उभी असे, आणि फक्त शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघे. बाकी सहा दिवस कावळे तिच्यावर नेम धरत. चालवायची ती वामनरावांनी. त्यांचा मुलगा, हिमानीचा नवरा सागर, बोरगावच्या कारखान्यात कामाला. त्याला चालवता येई, पण बाबांनी किल्ली दिली तर. हिमानीला तर लग्नाआधीपासून येई, लायसन्स होतं, वडिलांची गाडी तिनं पांढुर्ण्यात भर बाजारातून चालवली होती. तिच्या हातात किल्ली द्यायचा विषय या घरात निघालाच नव्हता.

तो निघाला जून महिन्यात. तिचं नाव अतिथी शिक्षकांच्या यादीत लागलं. शाळा पांढुर्ण्याच्या पलीकडं, मुख्य रस्ता सोडून नऊ किलोमीटर आत. सौंसरहून पांढुर्ण्याची बस मिळते, पण पुढं त्या गावाला दुपारपर्यंत काही जात नाही. हजर व्हायचं होतं जुलैच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहाला. नाही गेलं तर यादीतलं पुढचं नाव. बी.ए., बी.एड. करून सात वर्षं भाकरी थापलेल्या बाईला यादीतलं पुढचं नाव म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

"मामाजी, मी गाडी घेऊन जात जाईन," ती सासऱ्यांना म्हणाली.

वामनरावांनी पेपर खाली केला. "गाडीचा विमा संपून राहिला या महिन्यात. कागद झाल्याशिवाय गाडी रोडवर निघनार नाई. कायदा आहे तसा."

बोलणं इतकं शहाण्यासारखं होतं की हिमानीलाही ते पटलं.

"मग कागद कधी होतील?"

"पाहून राहिलो ना मी. घाई केली का फसलो."

आणि मग वामनरावांचं पाहणं सुरू झालं. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ते कंपन्यांची नावं लिहीत, समोर आकडा लिहीत. बस. स्वस्त कोण, एवढंच त्यांना कळत होतं. सकाळी एक एजंट येई, दुपारी दुसरा. हिमानी चहा करी. एजंट गाडीकडं बघायचा, चादर उचलायचा, आकडा सांगायचा. वामनराव मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "पाहू." एजंट उठून जायचा. तो गेला की वामनराव म्हणायचे, "यीन. जाते कुठं?"

तो यायचा नाही. विम्याच्या एजंटाला सौंसरात पन्नास गाड्या असतात.

फोनवरच्या पोरींचे तर हालच. कंपनीकडून कुणी मुलगी कुठल्यातरी मोठ्या शहरातून घाईघाईनं बोलायची, आणि इकडं वामनराव पलंगावर मांडी ठोकून बसायचे.

"मॅडम, माल देखे बिना भाव कैसा बोलते तुम? एक बार सौंसर आ के तो जाव. गाडी देखो, चाय पिओ. फिर बोलो."

"सर, गाडी देखने की जरूरत नहीं है."

"अरे! जिसको माल देखने की जरूरत नहीं, उसके पास पैसा कहाँ का?" आणि फोन ठेवून पुष्पाबाईंकडं पाहून डोळे मिचकावायचे. "पाहतं का व? घाबरली. आता दोनदा फोन करन."

"करन ना," पुष्पाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या. "तिच्या बापाचा बगीचा आहे ना तुमच्या अंगनात."

हिमानीनं एका दुपारी ती कॅलेंडरची पानं घेतली आणि स्वतः मोबाइलवर बसली. तिला दोन तास लागले. ज्या कंपनीच्या आकड्याखाली वामनरावांनी तीन रेघा ओढल्या होत्या, तिनं गाडीची किंमतच कमी धरली होती. म्हणजे गाडी चोरीला गेली, जळाली, तर त्या कमी किमतीवरच बोळवण. दुसरी स्वस्त कंपनी गाडीची किंमत बरी धरत होती, पण तिच्या ओळखीचं गॅरेज छिंदवाड्यात एकही नव्हतं, नागपुरात एक होतं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिसरीचा हप्ता थोडा जास्त. पण छिंदवाड्यात गॅरेज, नागपुरात चार, रस्त्यात गाडी बंद पडली तर उचलून न्यायची सोय, आणि आपल्याही गाडीचं नुकसान धरलेलं, फक्त समोरच्याचंच नाही.

ती पानं घेऊन सासऱ्यांकडं गेली. नीट समजावून सांगितलं. सात वर्षं नवऱ्याच्या बापाशी बोलून तिला एक सवय लागली होती, लहान पोराला गणित सांगावं तसं सांगायची. चिडायचं नाही.

"ह्या कंपनीत गाडी चोरीला गेली तर पैसे कमी मिळतील, मामाजी."

"चोरीले जाईन कशी? मी अंगनात झोपतो."

"आणि नुकसान झालं तर?"

"मी काय नवशिका आहे का ठोकाले?" त्यांनी पानं परत घेतली. "तू कालची पोर. ह्या धंद्यात पयला भाव कोनी मानत नाई. तिसऱ्यांदा येऊ दे त्यायले."

सागरला तिनं रात्री सांगितलं. सागर म्हणाला, "बाबा पाहून राहिले ना." सागरची सगळी बुद्धी त्या एका वाक्यात मावत असे, आणि तरी जागा उरायची.

जूनच्या शेवटच्या बुधवारी विमा संपणार होता. त्या दिवशी बाजारपेठेत बी-बियाणं नि औषधं विकणारा आणि जोडीला विम्याचं काम करणारा योगेश वामनरावांना रस्त्यात भेटला. तो आधी एकदा घरी येऊन गेला होता. वामनरावांच्या हिशेबात ही दुसरी फेरी. त्यांनी त्याला हाताला धरून घरी आणलं.

"आज शेवटची तारीख आहे काकाजी," योगेश म्हणाला. "घ्यायचा असंन तं आत्ताच करा. मी मोबाइलवर करून देतो."

"तू एक डाव अजून यीन ना?"

"कायले?"

"नाही, म्हनलं सौद्याची रीत असते."

योगेशनं हिमानीकडं पाहिलं. हिमानीनं कपबशी उचलली.

तेव्हा वामनरावांना ती कल्पना सुचली, जी सौंसरच्या बगीचेवाल्यालाच सुचावी. बगिच्याचा सौदा होतो तेव्हा व्यापारी शेतकऱ्याच्या हातावर इसार ठेवतो. पाचशे एक, हजार एक. तो पैसा हातात पडला की बगीचा बांधला गेला. मग भाव चढो की पडो, कुणी मागं फिरत नाही. वामनरावांनी देव्हाऱ्यातली सुपारी काढली, पाचशे एक रुपये तिच्यासोबत योगेशच्या हातावर ठेवले नि म्हणाले, "हे घे. सौदा पक्का. बाकी तू तिसऱ्यांदा येशीन तवा."

"काकाजी, विम्यात असा इसार नसते..."

"असते. लिहून दे."

योगेशला अजून दोन घरी जायचं होतं. म्हाताऱ्याशी वाद कोण घालील? त्यानं त्याच्या दुकानाच्या पावतीपुस्तकावर लिहून दिलं: 'वामनराव कळंबे, सौंसर, यांच्याकडून गाडीच्या विम्यापोटी इसार मिळाला.' सही. वर फवारणीच्या औषधाच्या डब्याचं चित्र छापलेलं होतं.

संध्याकाळी सागर ती पावती प्लास्टिकमध्ये पक्की बसवून आणायला बाजारात गेला. बाबांनी सांगितलं होतं. लॅमिनेशन करणाऱ्यानं दोनदा विचारलं म्हणे, हेच करायचं का? सागर म्हणाला, हेच.

"कागद झाले," वामनराव रात्री जेवताना म्हणाले. "आता कोनी अडवलं तं हे दाखवायचं. हाताशी ठेवायचा कागद. लोक विमा काढते, अन् कागद कपाटात ठेवते. मूर्ख असते लोक."

पुष्पाबाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. जरा जास्तच वाढली, तोंड भरलं की माणूस बोलत नाही म्हणून.

हिमानीनं दुसऱ्या दिवशी योगेशला फोन केला.

"वहिनी, ते इसार-बिसार काही नसते," तो कळवळून म्हणाला. "पूर्ण पैसा कंपनीकडं पोचत नाई तोवर कंपनी कशालेच बांधील नाई. मी तं काकाजीचं मन राखलं. काल रातच्या बारापासून तुमची गाडी बिनविम्याची आहे. अंगनातून काढू नका."

"तुमच्याच कंपनीचा घ्यायचा आहे मला." तीच ती तिसरी कंपनी. "काय करावं लागेल?"

विमा तुटला होता म्हणून आता गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ लागणार होता. योगेशनं लिंक पाठवली. वामनराव दुपारी घोरत असताना हिमानीनं चादर काढली, गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला, धूळ पुसून नंबर दाखवला, इंजिनाचा नंबर दाखवला. शुक्रवारी सकाळी कंपनीकडून होकार आला. पैसे ती घरी मुलांची शिकवणी घेई त्यातले होते, तिच्या खात्यात होते. फक्त एक गोष्ट राहिली. गाडी वामनरावांच्या नावावर, म्हणून संमतीचा आकडा त्यांच्या मोबाइलवर येणार होता. आणि तो मोबाइल वामनराव झोपतानाही बनियनच्या खिशात ठेवत.

"मामाजी, एक आकडा येईल मोबाइलवर. तेवढा सांगा."

"मोबाइलवर आलेला आकडा कोनाले सांगायचा नसते. टीव्हीवर सांगते रोज." ते हसले. "मले फसवते का सूनबाई?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टीव्हीचं ऐकलं होतं, आणि तेही नेमकं चुकीच्या जागी.

शनिवार उजाडला. जामसांवलीला जायचंच होतं. "मारुतीनं कधी माझा खाडा पाहिला नाई," वामनराव म्हणाले. हिमानी म्हणाली, आज गाडी काढू नका. सागर म्हणाला, "बाबा काढून राहिले ना." पुष्पाबाई सुनेच्या कानाशी म्हणाल्या, "चाल माय. आपन सोबत असलो तं निदान डोळे तं उघडे राहतील कोनाचे."

जाताना गावाबाहेरच्या वळणावर एक बाई कडेवर पोर घेऊन रस्ता ओलांडत होती. वामनराव पुष्पाबाईंना नऊ वर्षांपूर्वीची गारपीट सांगत होते. ब्रेक इतका उशिरा लागला की हिमानीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. बाई गाडीपासून दोन हातांवर थिजून उभी राहिली. पोर रडायलाही विसरलं. वामनरावांनी काच खाली करून तिलाच झापलं, "पाहून चाल ना व! मराचं आहे का?"

हिमानी त्या पोराच्या पायातल्या लाल मोज्याकडं पाहत राहिली. एकच मोजा होता. दुसरा रस्त्यावर पडला होता.

दर्शन झालं. नारळ फुटला. परत येताना नागपूर रस्त्याला लागताच पोलिसांनी आडवी बांबूची चौकट लावलेली. गाड्या एकामागं एक बाजूला घेत होते. हवालदाराच्या छातीवर 'दत्तात्रय' अशी पट्टी. तो वाकून म्हणाला, "लायसन्स, आरसी, विमा."

वामनरावांनी लायसन्स दिलं, आरसी दिली. आणि मग, कपाळाला लावलेला शेंदूर सावरत, सावकाश, लग्नात अहेर करावा तशी ती प्लास्टिकमधली पावती पुढं केली.

हवालदारानं वाचली. उलटी केली. मागं काही नव्हतं. पुन्हा सुलटी केली.

"हे काय होय काकाजी?"

"इसार."

"कायचा?"

"विम्याचा. सौदा पक्का आहे."

"वर तं फवारनीचा डबा आहे."

"त्याचं दुकान आहे ना ते."

हवालदारानं मान वळवली. "नितीन! अरे इकडं ये. हे पाय. लॅमिनेशन केलेला इसार."

नितीन नावाचा शिपाई आला. त्यानं वाचलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "विमा नाई का मग? फवारा मारला का गाडीले?" मागच्या जीपमधली माणसं खिडकीतून माना काढून पाहायला लागली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "काय झालं व? कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं अजून," हवालदार म्हणाला. तो मग हसला नाही. "काकाजी, आता इथं येताना तुमच्या गाडीखाली कोनी आलं असतं, तं ह्या चिठ्ठीवर त्याच्या घरची चूल पेटली असती का?"

वामनराव म्हणाले, "इसार म्हनजे मर्दाची जबान असते."

"असू द्या. जबानीवर गाडी चालवा मग. ही गाडी ठान्यात जाईन. चालान वेगळं. विमा दाखवाल तवा गाडी घेऊन जा."

"सोमवारी योगेश यीनच तिसऱ्यांदा. सोमवारी दाखवतो."

सोमवारी. हिमानीनं दार उघडलं आणि खाली उतरली. सोमवारी साडेदहा. गाडी ठाण्यात, योगेश कुणाच्या तरी शेतात, आणि शाळेच्या हजेरीत पुढचं नाव.

"साहेब, दहा मिनिटं द्या," ती हवालदाराला म्हणाली. "विमा मंजूर आहे. पैसे भरायचे राहिले. आत्ता भरते."

हवालदारानं तिच्याकडं पाहिलं, मग वामनरावांकडं पाहिलं. दोघांत काय ते त्याला कळलं असावं. "भरा. पन चालान तं फाटनच. गाडी बिनविम्याची सापडली ते सापडली."

"फाडा."

तिनं लिंक उघडली. "मामाजी, मोबाइल द्या."

वामनराव स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसले होते. "एकाच बोलीत? न मागं न पुढं? सूनबाई, अशी गरज दाखवली का समोरचा चढते. जरा थांब. पोलीस आहे, का व्यापारी, सगळे सारखेच. हा बी दोनदा यीन."

"हा चाललो मी गाडी ओढायची चैन आनाले," नितीन शिपाई बाजूनं म्हणाला.

सागर मागच्या सीटवर होता. हिमानीनं त्याच्याकडं पाहिलं. सागरनं जामसांवलीच्या डोंगराकडं पाहिलं.

तेव्हा पुष्पाबाई पुढच्या सीटवरून हलल्या. त्यांनी नवऱ्याच्या बनियनच्या खिशात हात घातला. दोन वर्षांच्या पोराला आई जशी विचारत नाही, तसं न विचारता. मोबाइल काढला. वामनरावांचं तोंड उघडं राहिलं.

"वाच व माय," पुष्पाबाई म्हणाल्या. मग स्वतःच डोळ्यांजवळ धरून वाचायला लागल्या, चौथी पास होत्या. "चार. सात. नाई, एक. सात नाई. एक. नऊ..."

हिमानीचं बोट क्षणभर थांबलं. शिकवणीचे सगळे पैसे त्या एका दाबण्यात जाणार होते. मग तिला तो लाल मोजा आठवला. तिनं बोट दाबलं.

विमा आला. मोबाइलवर, कंपनीचं चिन्ह, गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, तारीख, वेळ. हवालदारानं गाडीच्या नंबराशी ताडून पाहिलं. "हे झालं. एक छापून गाडीच्या खणात ठेवा. अन् दुसरं मोबाइलवर. अन् हे..." त्यानं ती प्लास्टिकची पावती वामनरावांना परत दिली. "हे बी ठेवा. कोनाले दाखवू नका."

चालानाची पावती फाटली. तिला वामनरावांनी हात लावला नाही, तीही हिमानीनंच घेतली.

"आता गाडी कोन चालवते?" हवालदारानं विचारलं. "काकाजीले आता मागं बसू द्या."

हिमानीनं तिचं लायसन्स दाखवलं. वामनराव उतरले, मागच्या दारातून आत गेले, आणि मांडीवर फुटका नारळ घेऊन सागरशेजारी बसले. सौंसरपर्यंत ते एकदाच बोलले.

"घाट नाई इथं," ते म्हणाले, "तवा सोपं आहे."

सोमवार सकाळपर्यंत गोष्ट बदलली होती. हिमानी गाडीवरची चादर काढत होती तेव्हा फाटकाशी उभे राहून वामनराव शेजारच्या श्रावणला सांगत होते, "सौदा योगेशशीच झाला ना शेवटी? मग इसार कोनाले देल्ता मी? योगेशले. म्हनजे कोनाची जबान खरी झाली? घाई नाई केली मी. शेवटच्या दिवसावर आनला."

"शेवटचा दिवस तं बुधवारी होता न काकाजी," श्रावण म्हणाला.

"तुले नाई कळत."

पुढच्या काचेवर शनिवारी जामसांवलीला कावळ्यानं केलेली घाण वाळून घट्ट झाली होती. हिमानी काही खरवडायला शोधत होती. खण उघडला. वर विम्याचा छापील कागद, खाली ती प्लास्टिकची पावती. ती तिनं काढली. कड चांगली पक्की होती, सागरनं जाडं प्लास्टिक लावून आणलं होतं. दोन हातांत काच साफ झाली.

पुष्पाबाई दारात आल्या, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. "विम्याचा कागद घेतला का?"

"गाडीत आहे आई. मोबाइलवरही आहे."

"एक माझ्याजवळ बी आहे." पुष्पाबाईंनी कनवटीचा बटवा दाखवला. "काल योगेशच्या दुकानात छापून आनला. तुह्या सासऱ्याचा भरवसा नाई, गाडीतला काढून तिथं इसार ठेवन."

हिमानीनं गाडी चालू केली. त्याच वेळी वामनरावांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी काढून पाहिलं. तीच. गाडी न पाहता भाव बोलणारी परक्या शहरातली पोरगी. तिचा हा तिसरा फोन होता.

"आला!" वामनराव फाटक सोडून अंगणात धावत आले, मोबाइल उंच धरून. "सूनबाई, थांब! पाहतं का? तिसऱ्यांदा! आता बोलते ती खरा भाव!"

हिमानीनं आरशात पाहिलं. वामनराव निंबाखाली उभे होते, एक बोट वर करून, आणि फोनमध्ये म्हणत होते, "हाँ मॅडम, अब बोलो." पांढुर्ण्याला तासाभराचा रस्ता होता, वर आणखी नऊ किलोमीटर. तिनं गिअर टाकला.